खारीवाड्याचा धक्का

वास्कोला होडी लागली तेव्हा
भरतीला पाच तास होते,
आणि तिच्या पोटातल्या डिस्कांवर
तीन दिवस मोजलेला समुद्रतळ.

माझा लॅपटॉप पोळपाटाहून पातळ.
नेटवर्कची वायर शिरेल
असं दारच त्याला ठेवलेलं नाही.
म्हणून हा बाहेरचा डॉक,
आत दहा गिगाबिटचा अडॅप्टर;
आतडं काढून टेबलावर ठेवावं तसा.

जोडला. हिरवा दिवा लागला.
पडदा म्हणाला, उरले एकोणीस तास.

कायतान बांगडे साफ करत होता.
"बाय, दर्या व्हड, तुजें दार ल्हान."

ड्रायव्हर बदलला, सगळं काढून पुन्हा बसवलं,
होडीवरच्या सर्व्हरला शिव्या घातल्या.
मग केबल हातात घेतली.
फोनच्या चार्जरची निघाली ती:
टोकं तीच, बांधा तोच,
फक्त कोरलेला बारीक 'चाळीस' नव्हता.

खरी केबल जेमतेम वीतभर.
म्हणून लॅपटॉप उचलून डॉकला खेटून ठेवला,
बर्फ निथळणाऱ्या क्रेटवर.

पाऊण तास.
डॉक इतका तापला
की कायतानने बोट लावून झटकन मागे घेतलं.

मग उघडून बघितलं, रेघेरेघेने:
गाळ, वाळूच्या वळ्या,
आणि एक नांगर, आडवा,
दोर कापून सोडलेला.

कायतान ओल्या हातांनी वाकला,
बराच वेळ काही बोलला नाही.
"आमचोच तो," म्हणाला.
"एक्क्याण्णव साल. पाय फुडें आशिल्लो."

मी केबल काढली.
डॉकचा पंखा थांबला.
बांगडे अजून अर्धे उरले होते.