दुबार

भवानी पेठेत, मुल्लांच्या बेकरीत
स्प्रिंगकाटा टांगून मी लाकूड मोजते.
सत्तावीस किलो चारशे. ओल अंदाजे पंधरा टक्के.
आज शाळेचं भंगार आलंय:
एका बाकावर कर्कटकाने कोरलंय, ‘मंदा गाढव आहे’.
मंदालाही तोच आकडा लागू,
किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी.

वझलवार सरांचं म्हणणं सोपं आहे.
वीज, गॅस, रॉकेल, कोळसा, गोवऱ्या,
सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावायचं.
एक कोटी किलोकॅलरी म्हणजे एक टन तेल.
एक टन तेल मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.
आई महिन्याला पाच लिटरचा डबा आणते,
तोही शेंगदाण्याचा.
मग बेरीज. मग भागिले उत्पन्न.
आणि लाल शाईत एकच ओळ: दुबार मोजणी नको.
कोळसा चंद्रपूरला धरला
की पुण्याच्या दिव्यात तो परत धरायचा नाही.

साडेअकराला शेवटची खारी निघते.
अय्यूबभाई हात झटकतात, मी फॉर्मची पानं जुळवते,
तेवढ्यात मागच्या दाराने विमल अडागळे,
हातात तीन वांगी, एक कांदा.
मागोमाग कुणाची तरी मुलगी, ओल्या शेंगांची परात घेऊन.
भट्टीच्या पाठीवर एक गणवेश
आधीच पालथा पडलेला, दोन्ही बाह्या पसरून.

“महिन्याला जळण किती लागतं?”
“वांग्याला? काही नाही.”
“मग हे?”
“हे बेकरीचं. विझता विझता आमचं.”

रकाना सात. घरगुती इंधन. शून्य.
शेऱ्याला दीड ओळ जागा आहे.
लिहिते, खोडते.
हीच ऊब मी मघाशी पावात धरली,
ट्रेमागे ट्रे, दशांश चिन्हासकट.
परत धरली तर सर ओरडतील,
नाही धरली तर वांगं कच्चं राहील.
विमलबाई साल सोलतात, बोटं फुंकतात,
म्हणतात, “लिहा की काहीतरी, एवढ्या लांबून आलात.”
मी तारीख लिहिते.

सेवन लव्हज चौकात सिग्नल एकशे दहा सेकंदांचा.
स्कूटर बंद करते. सवय.
पायाशी पिशवी, पिशवीत कागदात अर्धं वांगं,
पोटरीला कोमट लागत राहतं.
ऑफिसात कुणाला सांगायचं नाही.
सांगितलं तर तिबार होईल.