ज्या बेटावर गाडी जात नाही

जळगावच्या हॉटेलात एसी एवढा
की कुमुदने पदर गळ्याभोवती घट्ट घेतला.
पांढऱ्या पडद्यावर त्यांनी समुद्र लावला होता.
असला निळा मी आजवर
फक्त रेशनच्या रॉकेलचा पाहिलेला.

टायवाला पोरगा, आडनाव वारके,
म्हणजे तसा आपल्याच पट्ट्यातला,
पण बोलत होता विमानातल्यासारखं.
सायप्रस, म्हणाला. वर्षाचे तीनशे दिवस ऊन.
मागच्या रांगेतले रावेरचे केळीवाले हसले,
ऊन? किती ट्रक पाहिजे, भाऊ?

तो दमला नाही. लिंबं दाखवली, डाळिंबं दाखवली,
खारवलेले ऑलिव्ह, डोंगरातली म्हाताऱ्यांची गावं,
पारावर बसल्यासारखे कॉफी पीत बसलेले.
दोन खोल्या, गच्ची, गच्चीतून पाणी.
सुट्टीला जा, नाहीतर कायमचे राहा.
हप्ता बसतो, काका.

चौतीस वर्षं मी मालगाडीचा गार्ड.
शेवटच्या डब्यात, पाठमोरा.
अर्धा देश मी मागे पडतानाच पाहिलाय.
हात वर केला, विचारलं,
जवळचं स्टेशन कोणतं?
पोराने कागद चाळले, मग मोबाईल.
रेल्वे नाही तिथे, काका.
होती इंग्रजांची. उखडून टाकली.

केळीवाले पुन्हा हसले.
आमच्या रांगेत कोणी हसलं नाही.

परतीची पॅसेंजर भादलीला साईडिंगला घातली.
कुमुद त्या गुळगुळीत पुस्तिकेने वारा घेत होती.
म्हणजे रात्री शिट्टी नाही?
नाही.
यार्डात डबे आदळत नाहीत?
कशाला आदळतील.
बराच वेळ गेला. वाघूरचा पूल आला,
खाली पाणी नव्हतं, म्हशी होत्या.
आणि कॉलबॉय?
रात्री दोनला कडी वाजवून, साहेब, चारची गाडी आहे,
असं म्हणणारं तिथे कोणी नाही?
मी नुसती मान हलवली.

मग घ्या, म्हणाली.

मला वाटलं थट्टा. तिच्या तोंडाकडे पाहिलं.
चौतीस वर्षं रात्री दोनला स्टोव्ह पेटवलेली बाई
खिडकीबाहेर पाहत होती
आणि थट्टा करत नव्हती.

पुस्तिका आता कपाटात आहे, एफडीच्या पावत्यांखाली.
किंमत तिने विचारली नाही. मी सांगितली नाही.
गच्चीवर बिबड्या वाळतात, पारा पंचेचाळीसवर,
पोरगी पुण्याहून फोनवर हसते,
बाबा, आधी पासपोर्ट तरी काढा.

काल रात्री दोनला जाग आली. सवयीने.
शेजारी ती नव्हती.
वर गेलो. यार्डाकडे पाठ करून
ती गच्चीवर उभी, पाईप धरून.
आठव्या दिवशी नळ आला होता.
झोपा तुम्ही, म्हणाली, मी भरते.
मी गेलो नाही.
टाकीत पाणी पडत होतं, काळोखात,
टाकी भरली, काठावरून वाहायला लागली,
आणि दोघांपैकी एकानेही
खाली जाऊन कॉक बंद केला नाही.