पाटीवरची तीन अक्षरं

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यासमोर, दुसऱ्या मजल्यावर
फ्लेटांची खिडकी.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथं जाते,
मॅन्सीच्या दंडाला पट्टा बांधते, आकडे लिहून घेते.
पण त्या घरात आकड्यांना मान नाही,
अक्षरांना आहे.

साडेदहाची बोट लागते, जबडा उघडते,
गाड्या एकेक करून बाहेर येतात
आणि थोरा प्रत्येकीच्या पाटीवरची शेवटची तीन अक्षरं
मोठ्यानं वाचते.
मग त्या तिघांना, त्याच क्रमानं, पोटात घेणारा
लांबात लांब शब्द शोधायचा.
मध्ये कितीही पाहुणे घुसू देत, रांग मोडायची नाही.
अनेकवचन करून शेपूट वाढवायचं नाही.
विशेषनाम बाद.
हरेल त्यानं चहा टाकायचा.

एकोणतीस वर्षांचा हिशेब लाल वह्यांत आहे.
ती तिकिटं फाडायची, तो डेकवर गाड्यांना साखळ्या घालायचा,
तेव्हापासूनचा.
एकदा मासळीची व्हॅन आली: जी, पी, एच.
थोरा म्हणाली, जिऑग्राफिकल. बारा.
टोपी कानांवर ओढत मॅन्सी म्हणाला,
ऑटोबायोग्राफिकल. सोळा.
"जन्मात कुणाला पोस्टकार्ड टाकलं नाही
या माणसानं!" थोरा मला सांगते.
राग अजून ताजा.

फेब्रुवारीत त्याच्या डोक्यात कुठंतरी
एक धागा तुटला.
हात परतला, पाय निम्मा परतला,
शब्द पलीकडच्या किनाऱ्यावरच राहिले.
चमचा दाखवला तर तो म्हणतो, "ते."
खिडकी दाखवली तर, "ते, ते,"
आणि स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड करतो.

थोरानं खेळ थांबवला नाही.
दोघांच्या वतीनं तीच खेळते,
आणि लबाडी करते, मी पाहिलंय.
के, डब्ल्यू, डी आली तेव्हा
आपल्या रकान्यात तिनं लिहिलं नॉलेज, नऊ,
त्याच्या रकान्यात ॲकनॉलेजमेंट, पंधरा,
आणि मुकाट्यानं उठून चहा टाकला.
मी म्हटलं, "नॉलेजमधला के तर कुणी उच्चारतसुद्धा नाही."
"म्हणून काय झालं?" ती आतून ओरडली.
"काढून बघ, कसं बोडकं दिसतं ते."
मॅन्सी पट्ट्याकडे बघत होता.
वरचा आकडा जरा जास्तच निघाला त्या दिवशी.

गेल्या शुक्रवारी वारं सुटलेलं, बोट चाळीस मिनिटं उशिरा,
काचेवर मिठाचा थर.
घोडे वाहणारा एक ट्रक उतरला.
थोरानं डोळे बारीक केले: टी... एच... आर.
एथ्नॉग्राफर, ती पुटपुटली,
बोटांवर मोजलं, बारा.
आता छताकडे बघत, ओठ हलवत
त्याच्यासाठी तेराचा शोधत होती.

"थोरा," मॅन्सी म्हणाला.

मला आधी खोकला वाटला.
पहिलं अक्षर दातांत अडकलं होतं,
दुसरं लाळेत भिजून आलं,
पण तिन्ही होती आत, टी, एच, आर,
रांगेत, न मोडता.

थोरानं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.
"पाच," ती म्हणाली. "आणि विशेषनाम.
बाद."
तसं लिहिलंही तिनं वहीत, खाली दोन रेघा ओढून.
त्याच्या तोंडाची जी बाजू हसू शकते
ती हसली.

चहा टाकायला मात्र तीच गेली.
बराच वेळ नुसता नळ वाहत होता.
बोटीतून अजून दोन गाड्या यायच्या होत्या.
पहिलीची पाटी मीच वाचली, मोठ्यानं.
आतून कुणी आलं नाही.
मॅन्सीनं माझ्याकडे पाहिलं,
भुवई उचलून,
तुझी पाळी, असं.