धावपट्टी

विमान आठवड्यातून तीनदा येतं.
तेवढ्यापुरता मी भोंगा वाजवतो,
डुकरं, पोरं, चटई टाकून पहुडलेल्या म्हाताऱ्या
बाजूला करतो.
एरवी फुनाफुतीची ही पट्टी आमची,
व्हॉलीबॉलची, उकाड्यात झोपणाऱ्यांची,
आणि रोज पाचला आलिएताची.

आमच्याकडे दुसरं सरळ काही नाही.
एका हाताला समुद्र,
दुसऱ्या हाताला त्याचंच धाकटं भावंड.
दोनशे मीटर ती एका दमात मारायची,
नाकासमोर, ताणलेल्या दोरीसारखी.
राष्ट्रकुलच्या मैदानात दोनशेची सुरुवातच वळणावर होते
हे लापाना गुरुजींनी सांगितलं तेव्हा
तिनं विचारलं, "वळण म्हणजे किती?"

मग मी बंबाच्या मागे, मोकळ्या चौकोनात,
जाळ्याची दोरी खुंटीला बांधून
पोवळ्याच्या पांढऱ्या चुऱ्यानं रेघ वळवली.
निम्मीच मावली. पुढे कुंपण.
तीन आठवडे ती त्या निम्म्यावर धावली
आणि कुंपणाशी थांबली.

संघ तिघांचा. ती, वजन उचलणारा पेनीतुसी,
आणि गुरुजी, जे प्रशिक्षक, व्यवस्थापक
आणि मालिशवालेही.
संचलनात कॅमेरा आमच्या आधीच्या देशावरून
थेट नंतरच्या देशावर गेला.
मनेआपात दाटीनं बसलेल्या आम्हांला
ध्वजाचं फक्त टोक दिसलं.
त्या टोकालाच टाळ्या.

पेनीतुसीनं तिसऱ्या खेपेला वजन खांद्यापर्यंत आणलं.
तिथे ते बराच वेळ राहिलं
झोपलेल्या मुलासारखं,
मग त्यानं ते खाली ठेवलं.

आलिएताची शर्यत आमच्या पहाटे.
बंदूक.
निम्मं वळण तिनं असं घेतलं
जणू वळणावरच जन्मली आहे,
आणि जिथे माझं कुंपण होतं
तिथे डावा पाय जरा बिचकला,
रेघेवर पडला. एकदा.
पुन्हा एकदा.
पुढे सरळ आलं. सरळ तर तिचंच.
दोघींना मागे टाकून सहावी!
म्हाताऱ्या उठल्या, लाकडी पेटीवर थाप पडली,
छप्पर हललं.
तोवर पडद्यावर तिची वेळ पुसली गेली
आणि दोन अक्षरं उमटली.
नाच थांबला नाही. कुणीतरी विचारलं,
"हे काय लिहिलंय?"
मी म्हटलं, "नोंद झाली."
खोटं नव्हतं.

पदकतालिकेवरून बोट खाली खाली नेलं
तर कागद संपतो.

गुरुवारी विमान दिसलं तेव्हा भोंगा वाजवला,
नेहमीपेक्षा लांब.
पट्टी रिकामी झाली, पट्टीच्याच धावणारीसाठी.
गळ्यात माळा, पायात तिथले नवे बूट,
ती गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली.
"काका, तिथे कुंपण नव्हतं."
मी भोंग्याची मूठ पुसत राहिलो.
स्वच्छच होती ती.

आज बंबाच्या मागे गेलो
तर कुणीतरी कुंपणाच्या चार तारा वाकवल्या आहेत.
चुऱ्याची रेघ पलीकडे गेली आहे,
पुलाकाच्या खड्ड्याला वळसा घालून,
वेडीवाकडी, पोरांच्या हातची,
विमानतळाच्या कुठल्याच नियमात न बसणारी.
अहवाल लिहायला हवा.
अजून लिहिलेला नाही.