पाचशे ग्रॅम

पॅकहाऊसमध्ये एका डबीत पाचशे ग्रॅम द्राक्षं.
चार मणी कमी पडले की काटा लाल होतो.
माझा हात आता न बघता बरोबर घड उचलतो.

घरी काटा नाही.
किती प्याली, कळत नाही.
म्हसरूळच्या अंगणवाडीत गांगुर्डेबाई तिला झोळीत टांगतात,
"दोनशेच ग्रॅम वाढली गं," म्हणतात,
आणि वहीतून वर बघत नाहीत.
सासू बघते.

पहिल्या दिवशीचा पिवळा चीक
"पिळून टाक, जड असतो" म्हणाली होती तीच.
मी सिव्हिलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड केलं
आणि पाजला.
तेवढं एक माझ्या मनाचं.

पुढे सगळं इतरांच्या मनाचं.
हळीव, शेपा, दुधातून शतावरी,
"आमच्या वेळी पाटाच्या पाण्यासारखं वाहायचं"...
चीर पडलीय का, हे कुणी विचारलं नाही.
पडली होती.
ती लुचायची, मी पायाची बोटं आवळून धरायचे.
एकदा तिच्या ओठाशी लाल दिसलं,
घाबरून तिचं तोंड उघडून पाहिलं.
रक्त माझंच होतं.

तिसऱ्या महिन्यात सीझन सुरू झाला.
दिंडोरी रोडला कंपनीचा टेम्पो सहाला येतो.
अकराच्या सुमारास छाती दगड होते,
अॅप्रनखाली ब्लाऊज भिजतो,
मी संडासात जाऊन बेसिनमध्ये पिळते,
नळ सोडून.
दुधाचा आवाज होत नाही. माझा होतो.

नसीबाने दाराबाहेरून ऐकलं असणार.
"फेकतेस कशाला? उद्या स्टीलची डबी आण,
उकळून आण. कोल्डरूम कुणाच्या बापाची आहे?"

सुपरवायझर जेवायला गेला तेव्हा
तिनेच रिकामी डबी काट्यावर ठेवली, शून्य केलं,
मग भरलेली ठेवली.
नव्वद.
काटा लाल झाला, कमी वजन म्हणून,
आणि आम्ही दोघी तोंडावर टोपी धरून हसलो,
हसता हसता मला पुन्हा पान्हा फुटला.

परदेशी जाणाऱ्या खोक्यांमागे
माझी डबी संध्याकाळपर्यंत गार राहिली.
टेम्पोत बर्फाच्या पिशवीत मांडीवर.

घरी सासूने झाकण काढलं,
डबी दिव्याखाली तिरकी केली.
"एवढं?" म्हणाली.
कमी की जास्त,
ते मी विचारलं नाही.
वाटी-चमचा उकळायला ठेवला.