निरंक

पत्र आलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
वर लाल शिक्का : संसदीय प्रश्न, अतितात्काळ.
बागूल साहेब म्हणाले, साडेपाचच्या आत
मुंबईला तरी ढकला, पुढचं मुंबईवाले बघतील.

तक्ता साधाच. तालुका, मंजूर पदं, भरलेली, रिक्त,
कौशल्य प्रशिक्षण घेतलेले,
त्यातून रोजगार मिळालेले,
शेरा.

मंजूर पदांत मी नाही. भरलेल्यांत आहे.
अकरा महिने असते, मग एक दिवस नसते,
मग पुन्हा असते.

फोन लावत सुटले. पेठ लागलं. हरसूलला रेंज नाही.
सुरगाण्याच्या सिस्टर म्हणाल्या, मशीन आहे हो ताई,
डायलिसिसची, दोन. एकीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
चालवणारा?
निरंक.

आमच्या खात्याचा लाडका शब्द.
शून्य लिहिलं की कुणीतरी विचारतं, का.
निरंक लिहिलं की फाईल पुढे जाते.

तरी रोजगाराच्या रकान्यात सुरगाण्यापुढे होता एक.
तो एक म्हणजे चिंतामण गावित.
त्याचं प्रमाणपत्र मीच टाइप केलेलं,
आडनावात त-च्या जागी ट पडला,
तर दुरुस्तीला दोनदा आला एस.टी.नं, नव्वद किलोमीटर.
रक्त कसं बाहेर काढायचं, धुऊन आत कसं सोडायचं,
सगळं तोंडपाठ.
आता अंबडच्या कारखान्यात स्क्रू भरतो. पुड्यात शंभर. रात्रपाळी.
रोजगार मिळाला का? मिळाला.
तक्त्यात खोटं कुठेच नव्हतं.

त्या एकच्या डोक्यावर मी एक तारा काढला.
प्रश्न तारांकित होता, म्हटलं उत्तरालाही असू दे.
खाली बारीक अक्षरात टीप :
सदर उमेदवार डायलिसिस तंत्रज्ञ असून स्क्रू भरतो.
दोन्ही यंत्रे बंद.
साहेबांनी चष्मा कपाळावर सारला,
वाचलं की नाही कळलं नाही. सही केली.

पंधरा दिवसांनी, डबे उघडून,
पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून
आम्ही चौघी लोकसभा बघत होतो.
मंत्री उभे राहिले. आपलं नाव आलं, नासिक, असं,
आणि गेलंही.
आकडा वाटेत कुठे कुठे जेवून गुटगुटीत झाला होता.
आरोग्य हा राज्याचा विषय आहे, असंही ते म्हणाले.
बाकं वाजली.

मग मागून एक बाई उठल्या, कुठल्या कोण,
आपल्या भागातल्याही नव्हत्या.
कागद डोळ्यांशी धरून म्हणाल्या,
परिशिष्टात, पान बेचाळीसवर, एक तारा आहे.
त्याची टीप कुठे गेली?

माझा घास हातातच.
मंत्र्यांनी मागे पाहिलं. मागच्यांनी त्यांच्या मागे.
चिठ्ठी यायच्या आत तास संपला.
माहिती संकलित करून सभापटलावर ठेवण्यात येईल.

सोमवारी पुन्हा लाल शिक्का.
ताऱ्याचा खुलासा करावा.
कोणी काढला, कोणाच्या आदेशाने.
साडेपाचच्या आत.

उत्तरदायित्व दिल्लीहून निघालं
ते एकेक जिना उतरत माझ्या टेबलापाशी टेकलं.
याच्याखाली पायरी नाही.

बागूल साहेब त्र्यंबक रोडवरची वाहनं बघत राहिले.
म्हणाले, टायपिंगची चूक म्हणू या का, खैरनारबाई?
माझ्या कराराचे एकोणीस दिवस उरलेत.
साहेबांच्या पेन्शनला आठ महिने.
वाईट माणूस नाही तो.

मी चिंतामणला फोन लावला. झोपेतून उठला होता,
मागे कुणाचं तरी पोर रडत होतं.
तुझं नाव लिहू का, विचारलं.
बराच वेळ नुसतं पोरच ऐकू आलं.
मग म्हणाला, लिहा.
पण ताई, या वेळी नीट.
गावित. शेवटी त.