निव्वळ वजन

जासईच्या पुढे, उड्डाणपुलाच्या पोटाखाली माझा वजनकाटा.
रात्रपाळीला मी, आणि काट्याखाली राहणारी एक मांजर.
चाळीस फुटी डबा डोक्यावर आला
तरी ती फक्त कान हलवते.

कागदावर होतं : शिलाई मशीनचे सुटे भाग,
निव्वळ वजन चौदा टन दोनशे.
काट्यावर आलं एकवीस आठशे.
मी ड्रायव्हरला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला,
ट्रेलर मागे घेऊन पुन्हा चढवायला लावला.
एकवीस आठशे.

शिलाई मशीन मी डोक्यावरून नेलीय,
गव्हाणपासून बेलपाड्यापर्यंत, आईची.
तिचं वजन माझ्या मानेला अजून पाठ आहे.

पहाटे क्लिअरिंगचे मुणगेकर आले.
"घरतबाई, काटा बिघडलाय तुमचा. दुरुस्तीला टाका."
कागदांवर तीन बंदरं, तीन कंपन्या,
आणि तिन्हींचा फोन नंबर एकच.
मी नवी पावती फाडली. चौदा दोनशे.
जुनी खणात राहिली, सुपारीच्या डबीखाली.

पण सांगायचंय ते मुणगेकरांचं नाही.

तिसऱ्या दिवशी एक माणूस आला, इस्त्रीच्या सदऱ्यातला.
ज्यांच्या अंगणात तो डबा उघडणार होता, त्यांचा.
हे मला कुणी सांगितलं नाही.
ज्याचं घर पेटायचं असतं
तो धुराचा वास आधी घेतो, एवढंच.
त्यानं जुनी पावती मागितली. मी दिली.
का दिली, ठाऊक नाही.
आकड्यावर त्याचे ओठ हलले.
मला वाटलं, झालं, आता गदारोळ.
त्यानं पावतीची चौघडी केली,
चष्म्याच्या घरात ठेवली,
आणि विचारलं, इथं चहा बरा कुठे मिळतो.

आठवडाभर मी बातम्या बघत होते.
दोन्ही देशांचे मंत्री, मध्ये फुलांची परडी.
चर्चा खेळीमेळीत झाली.

तेव्हा बाबा आठवले.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून भावकी फाटली होती.
एका दुपारी काकांच्या दारात टेम्पो लागला,
मांडवाचे बांबू, म्हणे. घरात लग्नाचं कुणी नव्हतं.
बांबूंच्या मधे काठ्या, टोकाला लोखंड.
बाबा ओटीवरून उठले
आणि स्वतः हात लावून टेम्पो खाली करून दिला.
मी विचारलं तर म्हणाले,
"बांबू हान ते. काठ्या बोललो
तं आज रातीच आपल्याला बी उचलाव्या लागतीन."
आमच्या माळ्यावरही काहीतरी होतं, गोणपाटात.
काकांना ते माहीत होतं.
दर सोमवारी ते आमच्याकडे ताक प्यायला यायचे.

लपवणाऱ्याचे हात कमी पडतात.
दुसरं टोक धरायला
ज्याच्यापासून लपवायचं, तोच येतो.

याला शहाणपण म्हणतात. असेलही.
दोन्ही घरं उभी राहिली,
एक काच फुटली नाही.
फक्त हिरामण, जो दोन्हीकडे मजुरीला जायचा,
एका सकाळी मिठागरात सापडला, तोंड पाण्यात.
बांधावरून पाय घसरला, काका म्हणाले.
बाबा म्हणाले, घसरला.
त्याच्या बायकोला दोन्ही घरांनी पैसे दिले,
न ठरवता, सारखेच.

सात टन सहाशे किलो.
एवढा फरक कुठेतरी उतरला असेल,
मला नाव उच्चारता येत नाही अशा गावात,
जिथे दोघांपैकी कुणाचंच घर नाही.

हल्ली रिकामा काटा साठ किलो दाखवतो.
मांजर हाकलून पाहिली. साठच.
मेकॅनिक म्हणतो, खाली चिखल साचलाय.
रजिस्टरात कारणाचा रकाना असतो.
मी लिहिते : चिखल.